थंडीतले शुक्रवार

कव्हर घडी करून ठेवलेलं होतं. चारही कोपरे जुळवलेली, वरून तळहाताने दाबून सपाट केलेली घडी. यतीन हातातली कचऱ्याची पिशवी तशीच धरून उभा राहिला. रोज सकाळी कचरा टाकायचं निमित्त काढून तो तळघरातल्या पार्किंगमध्ये उतरायचा, मोटारसायकलवरच्या कव्हराचं टोक उचलून आत बघायचा आणि वर जायचा. आज उचलायला काही नव्हतं. खांबाशेजारी सिमेंटवर तेलाचा जुना डाग आणि टायरच्या दोन पुसट खुणा, बस्स. गाडी चोरीला गेली असं त्याच्या मनात क्षणभरही आलं नाही. चोर कव्हराची घडी घालत बसत नाही. अशी घडी अख्ख्या रियाधमध्ये एकच बाई घालते, आणि ती आत्ता चौथ्या मजल्यावर स्वयंपाकघरात उभी आहे. शुक्रवार होता. बाहेर जानेवारीची थंडी, स्वच्छ आकाश, रस्ते मोकळे. अशा एका सकाळसाठी माणूस इथला अख्खा उन्हाळा काढतो. त्याच्या कानशिलात काहीतरी ठोकायला लागलं. पिशवी त्याने डब्यात टाकली नाही, डब्यावर फेकून मारली. ती फुटली, आतली संत्र्याची सालं जमिनीवर पसरली, आणि ती तशीच सोडून तो लिफ्टकडे गेला. लिफ्ट वरच्या मजल्यावर अडकून बसलेली. तिचं बटण त्याने मुठीने दाबलं.

दार अनुष्काने उघडलं. पंधरा वर्षांच्या पोरीने बापाच्या तोंडाकडे एकदा बघितलं आणि कानातला एक इअरफोन काढला. "बाबा, प्लीज डोन्ट स्टार्ट," ती म्हणाली आणि आपल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. म्हणजे हिलाही माहीत होतं. विभा ओट्याशी भाजलेल्या वांग्याचं साल काढत होती. बोटं काळी झालेली.

"किल्ली कुणाला दिलीस?"

"तल्हाला. उभी राहून राहून टायर बसताहेत असं तूच म्हणत होतास."

"म्हणत होतो. दे असं नव्हतो म्हणालो."

"विचारलं असतं तर हो म्हणाला असतास?"

"नाही."

"म्हणून नाही विचारलं."

ती वळलीसुद्धा नाही. वांग्याचा देठ धरून तिने उरलेलं साल एका ओढीत काढलं. तल्हा मुरुडकडचा, ह्याच इमारतीत राहणारा. एका मालवाहतूक कंपनीच्या ऑफिसात कामाला. पहिलं मूल झाल्यावर त्याने स्वतःची मोटारसायकल विकली होती आणि तेव्हापासून दर शुक्रवारी तो यतीनच्या गाडीला नुसता हात लावून बघायचा. त्याचं बूड त्या सीटवर. त्याचे गुडघे त्या दोन सिलिंडरांच्या उबेला. यतीनला बोलायचं होतं, पण शब्द नेमका हवा तेव्हा येईना. हेही ऑक्टोबरपासूनचंच. त्या गोळ्या चालू झाल्यापासून शब्द कुठूनतरी लांबून येत, रांगेत उभे राहिल्यासारखे, आणि तोवर समोरचा माणूस दुसऱ्या विषयावर गेलेला असे. बँकेच्या मीटिंगमध्ये हल्ली तो सरळ गप्प बसायचा. ज्युनिअर पोरं त्याची वाक्यं पुरी करून द्यायची, अदबीने. राग मात्र लगेच यायचा. रागाला कुठलीच गोळी लागू पडत नव्हती.

ऑक्टोबरमधल्या पहिल्या गार शुक्रवारी ते झालं होतं. थुमामाच्या रस्त्यावरच्या पंपावर त्याने पेट्रोल भरलं, हेल्मेट काढून टाकीवर ठेवलं, आणि त्यानंतरची आठवण थेट ॲम्ब्युलन्सच्या छताची. मध्ये काही नाही. काळोखसुद्धा नाही. काळोख असता तरी आठवला असता. डोकं तपासलं, यंत्रात घातलं, तारा लावल्या. काही सापडलं नाही, आणि सापडलं नाही म्हणूनच काही काढून टाकता येईना. फिट येऊन गेली, पुन्हा येऊ शकते, किंवा नाहीही. इजिप्तचा डॉक्टर मवाळ आवाजात म्हणाला होता, "सहा महिने. कार नाही, बाइक नाही. मधे पुन्हा आली, तर तिथून पुन्हा सहा महिने. खलास." यतीनने तिथेच बोटं मोजली होती. एप्रिल. एप्रिलमध्ये इथे डांबर तापायला लागतं, हेल्मेटच्या आत डोकं शिजतं. म्हणजे डॉक्टरने वर्षातला मोजका उरलेला तुकडा बरोब्बर कापून काढला होता. जगात सगळीकडे लोक हिवाळा सरायची वाट बघतात. इथे हिवाळ्याची वाट बघायची, आणि तो आला की खिडकीच्या काचेमागून तो जाताना बघायचा.

वाट बघणं काय असतं ते त्याला एकदा एका माणसाने सांगितलं होतं. यतीन एकोणीस वर्षांचा, इंजिनिअरिंगला. इचलकरंजीत त्याच्या काकांच्या कारखान्यात इटालियन माग आले होते आणि ते बसवायला तिकडून रेन्झो नावाचा माणूस आला. इंग्रजी त्याचंही मोडकं आणि यतीनचंही, म्हणून दोघांचं जमलं. कापसाचे तंतू भुवयांवर घेऊन तो जेवायला बसायचा, भाकरी सुरीने कापायचा, आणि पाकिटातून एक फोटो काढून दाखवायचा. हिरव्या टाकीची मोटारसायकल, इंजिनाचे दोन सिलिंडर दोन्ही बाजूंना बाहेर आलेले, कोपरं काढून बसलेल्या माणसासारखे. मोटो गुझी. हे नाव तो घरातल्या माणसाचं घ्यावं तसं घ्यायचा. त्याचं गाव डोंगरात. नोव्हेंबरात बर्फ पडला की गाडी गोठ्यात, वर जुनी घोंगडी. मार्चपर्यंत तो दर रविवारी गोठ्यात जायचा, घोंगडी काढायचा, गाडीवर बसायचा, चालू मात्र करायचा नाही. "मग काय करता?" यतीनने विचारलं होतं. रेन्झो हसला. म्हणाला, बसतो, रस्ता आठवतो, एकेक वळण. बायको जेवायला हाक मारते तेव्हा मी अजून खिंडीतच असतो. तेव्हा यतीनला वाटलं होतं, काय सुखी माणूस आहे! त्याच दिवशी त्याने ठरवलं, अशी गाडी घ्यायची. घेतली, वयाच्या चाळिशीत, रियाधला, स्वतःच्या पगारातून. आता गेल्या तीन महिन्यांत त्याने तेही करून पाहिलं. तळघरात कव्हरावरूनच सीटवर बसला, डोळे मिटले, सल्बूखच्या रस्त्यावरचं पहिलं वळण आठवलं. दुसऱ्या वळणावर त्याला वाटलं की इथे जर आली तर? आणि डोळे उघडले. रेन्झो खोटारडा होता. बर्फ माणसाच्या बाहेर असतो, तो वितळतो. स्वतःच्याच कवटीतल्या गोष्टीची वाट कशी बघायची हे त्या हसऱ्या माणसाने कुठे सांगितलं होतं?

"मला तिथे घेऊन चल," तो म्हणाला.

"कुठे?"

"सल्बूखच्या रस्त्यावर. आत्ता शुक्रवारचे सगळे बाइकवाले तिथे कॉफीला थांबले असतील. मला माझी गाडी परत हवीय."

विभाने हात धुतले, सावकाश, नखांतलं काळं निघेपर्यंत. मग शाल घेतली, कारची किल्ली घेतली. तिने नाही म्हणावं असं त्याला वाटत होतं. तयारी त्याची सगळी त्या नाहीची होती.

कारमध्ये तो उजवीकडे बसला. भारतात ह्याच बाजूला स्टिअरिंग असतं, त्यामुळे शरीर अजून फसायचं. सिग्नल जवळ आला की त्याचा पाय खालच्या मॅटवर दाबला जायचा आणि काहीच व्हायचं नाही. विभा चांगली चालवायची, हे आणखी वाईट. ती आरशात बघायची, लेन बदलायची, मधे घुसणाऱ्या पिकअपला शांतपणे वाट द्यायची. उत्तरेकडे शहर विरळ होत गेलं. अर्धवट बांधलेल्या इमारती, मग कुंपणं, मग मोकळी तांबूस माती. लोकांनी थंडीचे तंबू ठोकले होते, जागोजाग शेकोट्यांचा धूर सरळ वर जात होता, पोरं उंटाच्या पिल्लामागे धावत होती. सगळं जग मजेत होतं.

"एवढी हळू कशाला चालवतेस?"

"एकशेवीसची मर्यादा आहे. एकशेवीसनेच चाललेय."

"डावीकडची लेन घे."

"यतीन, गाडी मी चालवतेय."

"माहितीय! तेच तर बघत बसायचं मला. रोज ऑफिसला सोडतेस, आणतेस, गेटवरच्या केबिनमधल्या पोरांना हात करतेस. पार्सल आहे मी पार्सल. सहा महिने ह्या सीटवर बसून बघ एकदा, म्हणजे कळेल."

ती बोलली तेव्हा आवाज चढलेला नव्हता, पण स्टिअरिंगवरची तिची बोटं पांढरी पडली होती.

"नऊ वर्षं बसले मी ह्या सीटवर. नाशिकला मी बाबांची फियाट त्र्यंबकच्या रस्त्याने एकटी न्यायची. इथे आले आणि भाजीलासुद्धा तू मोकळा असशील तेव्हा. अनुष्काला ताप आला होता तेव्हा खाली उभी राहून टॅक्सी शोधत होते, छातीशी पोर घेऊन."

"बायकांनी चालवायची नाही असा तेव्हा कायदा होता. मी केला नव्हता."

"नाही केलास. कायदा तू नव्हता केलास. पण थंडीतल्या दर शुक्रवारी तू पहाटे निघून जायचास आणि जेवायच्या वेळी उन्हाने लाल होऊन खुशीत परत यायचास. तो कायदा कुणी केला होता? एवढी वर्षं मी तुला एकदा तरी म्हणाले, की माझे शुक्रवार कुठे गेले?"

त्याला उत्तर द्यायचं होतं. शब्द रांगेत उभे होते. तू कधी बोलली नाहीस, हे पहिलं आलं, आणि ते त्याने गिळलं, कारण ती तेच सांगत होती. मग राग तिच्यावरून घसरला आणि त्याला पकडायला दुसरं काही सापडेना म्हणून तसाच हवेत राहिला. आठवडाभर रात्रीची गोळी तो बेसिनमध्ये थुंकत होता, हे तिला माहीत नव्हतं. ही एकच गोष्ट अशी होती की जी तो स्वतःच्या मनाने करत होता. डोकं खरंच हलकं वाटायला लागलं होतं. शब्द थोडे जवळ आल्यासारखे वाटत होते. आज ना उद्या तो खाली उतरणार होता आणि पार्किंगमधल्या पार्किंगमध्ये का होईना, एक फेरी मारणार होता.

कॉफीच्या टपरीसमोर दहा-बारा मोटारसायकली तिरक्या लावलेल्या होत्या. त्यातली हिरवी टाकी त्याला लांबूनच दिसली. टाकीवर धूळ होती, प्रवासाची धूळ. तिला तीन महिने न मिळालेली. कार नीट थांबायच्या आतच तो उतरला. तल्हा कागदी कप घेऊन एका सौदी रायडरशी बोलत होता. यतीनला बघून त्याच्या चेहऱ्यावर आधी आनंद आला आणि मग तो उतरला.

"यतीनभाई! तुम्ही? भाभींनीच सांगितलं हो, गाडी उभी राहून खराब होते म्हणून. मी हळूच आणली, अल्ला शप्पथ."

"किल्ली."

"घरी मीच पोचवतो ना. तुम्ही भाभींबरोबर..."

"किल्ली दे, तल्हा."

"नाय द्यायचो," तल्हा म्हणाला. तो घाबरला होता, तरी म्हणाला. "मारा मला हवं तर. किल्ली नाय द्यायचो."

किल्ली त्याच्या दुसऱ्या हाताच्या बोटात अडकवलेली होती. यतीनने मनगट धरलं आणि ती हिसकावून घेतली. कॉफी तल्हाच्या जॅकेटवर सांडली. सौदी माणूस "या अखी, या अखी" अशी भावाला मारतात तशी हाक मारत पुढे झाला. पण यतीन तोवर सीटवर बसला होता. स्टँड पायाने वर गेला, सवयीने. इंजिन एका दाबात चालू झालं. ॲक्सिलरेटर पिळला तशी गाडी उभ्या उभ्या उजवीकडे झुकली, ही तिची जुनी खोड, आणि ती खोड मांड्यांमधून वर त्याच्या छातीत आली. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. रागाचंच. आता नुसता क्लच, पहिला गिअर, आणि समोर मोकळा रस्ता. तेवढ्यात पांढरी कार आली आणि त्याच्या पुढच्या चाकाला चिकटून आडवी उभी राहिली. विभा. तिने काच वर केलेली होती. तिने हॉर्न दिला नाही, हात केला नाही, त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. काचेतून तिची एक बाजू दिसत होती, कपाळ, नाक, घट्ट मिटलेले ओठ, सिग्नलला थांबावं तशी सरळ समोर बघत बसलेली. "बाजूला घे!" तो ओरडला. पुन्हा पिळलं. इंजिन किंचाळलं. "विभा, बाजूला घे गाडी! ऐकू येत नाही का!" ती हलली नाही. मग त्याला जळक्या रबराचा वास आला, आणि तो कुठून येतोय ते बघायला त्याने मान

बूट होते. धुळीने माखलेले, लांब, वेगवेगळे बूट, आणि त्यांच्यामधून दिसणारं आकाश. एक जण जॅकेट दोन्ही हातांनी पसरून त्याच्या तोंडावर सावली धरून उभा होता. जीभ चावली गेली होती, तोंडात लोखंडाची चव. मांड्या ओल्या होत्या आणि गार पडत चालल्या होत्या, आणि हे कशाने झालं हे कळायला त्याला बराच वेळ लागला. कळलं तेव्हा डोळे मिटून घ्यावेत असं वाटलं, पण विभा मिटू देईना. ती वाळूत गुडघे टेकून बसली होती. "माझं नाव काय? यतीन, नाव सांग माझं."

"विभा."

"आज वार कोणता?"

"शुक्रवार," तो म्हणाला. आणि त्या एका शब्दात एवढा संताप होता की ती मागे सरली, मग तिने सुटकेचा श्वास टाकला. फिट आली होती, दोनेक मिनिटांची. गाडी तल्हाने आणि सौदी माणसाने वरच्या वर धरली, म्हणून ती त्याच्या पायावर पडली नाही. कुणीतरी ॲम्ब्युलन्स बोलावू का विचारत होतं. विभाने डॉक्टरला फोन लावला, डॉक्टर म्हणाला, पूर्ण शुद्धीत असेल तर दुपारी घेऊन या. तिने स्वतःची शाल त्याच्या कमरेला गुंडाळली, सगळ्यांसमोर, लहान मुलाला गुंडाळावी तशी नाही, घाईघाईने, गाठ मारून. सीटवर तिने कारमधला टॉवेल अंथरला.

बराच रस्ता मागे पडल्यावर तिने विचारलं, "गोळ्या घेत होतास?"

"सकाळची."

"रात्रीची?"

तो बाहेर बघत राहिला. "आठवडा झाला."

तिने कार रस्त्याच्या कडेला घेतली. इंजिन चालूच ठेवून उतरली आणि दार उघडं टाकून मातीत चालत गेली, कुंपणाच्या तारांपर्यंत. तिथे पाठमोरी उभी राहिली आणि ओरडली. शब्द नव्हते त्यात. वीस वर्षांच्या संसारात त्याने तिचा हा आवाज ऐकला नव्हता. लांब एका तंबूपाशी शेकोटीभोवती बसलेलं कुटुंब वळून बघायला लागलं. ती पुन्हा ओरडली. तिसऱ्यांदा आवाज फाटला आणि खोकला आला. मग ती परत आली, बसली, दार लावलं, पट्टा लावला.

"एप्रिल गेला," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "आता जुलै."

जुलै. त्याने महिने मनात ओळीने लावले आणि मग ते त्याच्या लक्षात आलं. जुलैमध्ये इथे कुत्रंही रस्त्यावर येत नाही. एप्रिलमध्ये सुटका झाली असती तरी उन्हाळाच होता, तरी कव्हराखालीच राहायचं होतं, ऑक्टोबरपर्यंत. जुलैनंतरही ऑक्टोबरच. म्हणजे आज मातीत पडून त्याने जास्तीचं काहीच गमावलं नव्हतं. हा हिवाळा तर गेलेलाच होता. ह्याने दिलासा मिळायला हवा होता, पण त्याच्या अंगाची उलट लाही झाली. एवढं सगळं होऊन साधं नुकसानसुद्धा झालं नाही! "जुलै काय आणि एप्रिल काय," तो म्हणाला, "जुलैत कोण चालवतं?" विभाने त्याच्याकडे बघितलं. तिच्या तोंडाचा एक कोपरा हलला, पण ते हसू होतं की आणखी काही हे त्याला विचारायचं धैर्य झालं नाही. "आजपासून रात्रीची गोळी माझ्यासमोर," ती म्हणाली. "पाणी पिऊन तोंड उघडून दाखवायचं. आणि मला ह्याची लाज वाटणार नाही, तुला वाटली तर वाटू दे."

"बरं."

"बरं नाही. हो म्हण."

"हो म्हटलं ना!" तो ओरडला.

ते तळघरात उतरले तेव्हा तल्हा आधीच पोचला होता. गाडी खांबाशेजारी लावून तो तिच्यापासून दोन हात लांब उभा होता, हातात हेल्मेट, जॅकेटवर कॉफीचा मोठा डाग. यतीन कारमधून उतरला. शाल सरकत होती, ती त्याने एका हाताने धरली. इंजिन नुकतंच बंद केलेलं, निवताना त्यातून टिकटिक येत होती. विभाने लिफ्ट बोलावली. "चल वर. कपडे बदल. डॉक्टरकडे जायचंय."

यतीन हलला नाही.

"कशी चालली?" त्याने तल्हाला विचारलं.

"चांगली, यतीनभाई. एकदम चांगली."

"चांगली म्हणजे काय? चांगली म्हणजे काय, तल्हा? मला काय पाहुणा समजतोस? नीट सांग."

तल्हाने विभाकडे बघितलं. तिने लिफ्टचं दार पायाने अडवून धरलं होतं.

"सकाळी चालू केली तेव्हा थोडी कुरकुरली," तल्हा चाचरत म्हणाला. "मग गरम झाली. शहरातून सिग्नल सगळे हिरवेच भेटले. सल्बूखच्या रस्त्याला लागलो आणि पाठीमागून ऊन आलं, पण हवा गारच. हात गारठून गेले. गुडघे मात्र..."

"गुडघे शेकतात," यतीन म्हणाला.

"हां, शेकतात. मग तो लांब चढ आला ना, तिथं मी तिसऱ्यात..."

"तिसऱ्यात? त्या चढाला तिसरा कशाला? गाढव आहेस का तू? चौथ्यात ओढते ती, आरामात ओढते! नुसता आवाज करायचा होता?" त्याचा आवाज खांबांवर आपटून परत आला. जीभ दुखत होती, शब्द जाडे येत होते, पण येत होते. "पुढच्या शुक्रवारी तिसरा टाकलास तर बघ. थंड असताना पिळायची नाही. पाच मिनिटं उभी ठेवून गरम होऊ द्यायची, मग निघायचं. कळलं?"

तल्हाने मान हलवली. "पुढच्या शुक्रवारी" हे शब्द त्याला नीट कळायला क्षण लागला, आणि कळल्यावर त्याने ते चेहऱ्यावर येऊ दिलं नाही.

अडवून धरलेली लिफ्ट बीप करायला लागली. "यतीन," विभा म्हणाली.

"येतो!" तो खेकसला. शालीची गाठ त्याने पुन्हा आवळली, खांबाला पाठ टेकली आणि तल्हावर डोळे रोखले. "हं. चढ संपल्यावर पुढे?"